कुरळ्या केसांचं पिल्लू

भिसेगाव, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज पिल्लाला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलंच. मनीच्या तीन पिल्लांत हे एकच कुरळं. मिशासुद्धा वाकड्या. सकाळी सासूबाईंचं पुन्हा तेच, "खरूज हाय ती. घरात तान्हं पोर हाय, नदीपल्याड सोडून ये." त्यांचं चूक तरी कसं म्हणू? बाळाची धास्ती मलाही होतीच.

डॉक्टरांनी केसांत फुंकर मारून कातडी पाहिली. स्वच्छ. मिशा बोटानं सरळ केल्या, सोडल्याबरोबर पुन्हा वळल्या. म्हणाले, "खरूज नाही बाई, हे जन्मजात आहे. विलायतेत शेतावरच्या एका साध्या मांजरीला असंच एक कुरळं पिल्लू झालं. त्याच्यापासून तिकडे नवी जात तयार केली. अंग सडपातळ, कान मोठे, केस आखूड आणि मऊ. अशांना थंडी सोसत नाही, जपा."

मग हे त्याच जातीचं? तर म्हणाले, "छे, हे इथलं इथंच झालंय." कमालच. वाटभर मी त्या मिशाच बघत आले.

घरी सगळं सांगितलं. सासूबाईंनी पिल्लाच्या पाठीवरून एक बोट फिरवलं.

"कोकरावानी लागतंय गं."

"ठेवू ना, आई?"

"थंडीला जपा बोलला ना डाक्टर? मग बघत काय बसलीस? बाळाचं जुनं दुपटं आन."

मी दुपटं आणलं. पिल्लू त्यात गुंडाळून त्यांनी स्वतःच मांडीवर घेतलं.