माझी लाल गिटार कुणाकडे जावी

मी, वसंत गणपत सासने, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. अर्धांगानंतर उजवा हात चालतो, म्हणून सही करता येते. डावा चालत नाही, म्हणून गिटार वाजवता येत नाही. जगण्यात आता गोडी उरलेली नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी वल्लरी हिची.

२. आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक अमरसिंह, त्याने ऑर्केस्ट्रा मोडून डीजे आणला. माझ्या शोकसभेत त्याच्या हाती माइक देऊ नये.

३. इलेक्ट्रिक गिटार, भरीव लाकडाची, लाल. उजवा हात टेकायचा तिथला रंग उडून लाकूड दिसतं. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत. चंदगडच्या जत्रेत भिजली तेव्हापासून खुंट्या गंजल्या. आवाजाचं बटण जुन्या रेडिओचं बसवलं आहे. मान किंचित वाकली आहे, मालकाचीही वाकली. ॲम्प्लिफायर जळाला, आणि त्याच्याशिवाय हिचा आवाज फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येतो.

वल्लरीला विचारलं, तर पुण्याहून म्हणाली, "आप्पा, दोन खोल्यांत कुठं ठेवू ती? फोटो पाठवा की, जपून ठेवते." फार वाईट वाटलं. गिटारचा क्लास घेणारे सर म्हणाले, दुरुस्तीपेक्षा नवी घ्या. भाचा उन्मेष मिसळीचं हॉटेल चालवतो. तो म्हणाला, "मामा, भिंतीवर कंदील हाय, सायकल हाय, त्येच्या शेजारी लय भारी दिसंल." त्याला मी घराबाहेर काढलं. पण मागणारा तेवढा एकच निघाला. म्हणून गिटार उन्मेषला. तिला रंग देऊ नये. तारा काढून टाकाव्यात.

हे वाचून दाखवलं तेव्हा साक्षीदार अरिहंत, जो ऑर्केस्ट्रात जन्मभर माझ्या शेजारी कोंगो वाजवत आला, म्हणाला, "तारा ऱ्हाऊ देत की वसंता. एखादं पावणं हात लावंल."

"मिसळीच्या कटानं तेलकट झालेला हात?"

"तेलकट तर तेलकट."

वाद घालायला अंगात जोर नाही. तारा राहतील. कुणी हात लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी टांगताना हात पोचेल एवढ्याच उंचीवर टांगावी.

सही : वसंत गणपत सासने

आमच्या समोर सही केली :
१. अरिहंत भूपाल मगदूम
२. डॉ. मधुवंती इनामदार

कोल्हापूर, ११ ऑगस्ट २०२५