आप्पांचा नंबर

११ नोव्हेंबर, मंगळवार

— आणि परत तीच लाल ओळ. लॉगिनचं पान उघडतच नाही. जुन्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आमची वेबसाइट उभी आहे त्यात, जे आपोआप व्हायचं, ते नव्याला एकेक करून सांगावं लागतं. कृष्णराज शेजारी शेंगदाणे खात होता. म्हणाला, "शिव्या देऊन कोड चालत नसतो, साहित्यवाल्या बाई." मग स्वतः एक हासडली. पान उघडलं!

जुन्या आवृत्तीची दुरुस्ती करणाऱ्यांनीच हात काढून घेतले आहेत. उद्या कुणी सर्व्हरमध्ये घुसलं तर विचारणार कुणाला? म्हणून हे अपग्रेड.

एम.ए.नंतर रिकामी होते. कृष्णराजने मला कोड शिकवला, मी त्याला शेळ्या. त्यातून 'माळरान' निघालं. शेळीवाला बोकडाचा फोटो टाकतो, गिऱ्हाईक थेट त्याच्या नंबरवर फोन करतं. मध्ये कुणी नाही. एवढंच.

१३ नोव्हेंबर

काम वाटून घेतलं. शेळीवाल्यांची पानं माझी, गिऱ्हाइकांची त्याची. एकाचं दुसऱ्याने वाचून मंजूर करायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

माकणीला नागूआत्याकडे. तिच्या शेळ्याही 'माळरान'वर आहेत. बदलाबद्दल सांगायला मी स्वतःच जायचं ठरवलं होतं. आत्या करडाला बाटलीने दूध पाजत होती.

"नवं म्हंजी? जुनं काय वाईट झालंय?"

"आतलं बदलतंय आत्या. तुम्हाला दिसतं ते तसंच राहील."

"आन् माझा नंबर?"

"तुमचा नंबर तुमचाच."

"मग बदल बापडे. फोन मला येतो तवर पोरांना कळतंय, माल कुणाचा हाय ते." सून आतून हसली. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "हस! तुला बी कळंल."

बेंबळीत घरी परत आले तर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, पारावर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आमची अक्षदा म्हणती, कायबी बदलत न्हाय.

२० नोव्हेंबर

कृष्णराजचं काम आलं. शेकडो फायली. बहुतेक ठिकाणी नुसती नावं बदललेली — नव्या आवृत्तीला तशी लागतात. वाचत गेले. मग चाळत गेले. मग नुसतं खाली सरकवत गेले. "मंजूर" दाबलं.

संध्याकाळी नवं सुरू झालं. त्याने खाली जाऊन पेढे आणले.

२२ नोव्हेंबर

पानं झरझर उघडतात. आप्पांना दाखवलं. "बरं झालं," म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नागूआत्याचा फोन. "आगं अक्षदे, तुझं यंतर रुसलं का काय? आठवडा झाला, फोनच वाजंना. सून म्हणती, आत्याबाई, तुमची मालकी गेली!"

घरी आले. आप्पा बाजेवर बसले होते, मोबाईल बंडीच्या खिशात. गिऱ्हाईक उघडेल तसं 'माळरान' उघडलं. आप्पांच्या काळ्या बोकडाचा फोटो. खाली बटण — मालकाला फोन करा. दाबलं.

आप्पांचा खिसा गप्प.

माझ्या कानात: "रणधीर बोलतोय. कोणता बोकड पायजे?"

रणधीर! जनावरांच्या बाजारातला दलाल. उपरण्याखाली विकणारा आणि घेणारा, दोघांची बोटं धरून भाव ठरवतो. दोन्ही भाव फक्त त्यालाच कळतात. तो मधून निघावा म्हणूनच तर हे सगळं केलं होतं.

दुसरा बोकड. तिसरा. आत्याची शेळी. प्रत्येक वेळी तोच आवाज. शेवटी तो म्हणाला, "ताई, घ्यायचंय का नुसतं बोलायचंय?"

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही."

२९ नोव्हेंबर

कृष्णराज नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं नाही.

"तू मंजूर केलंस."

"अपग्रेडच्या ढिगात घालून दिलंस!"

"ढिगात होतं. लपवलं नव्हतं. तू वाचलं नाहीस."

त्याचं म्हणणं, माळावर रेंज नसते, गिऱ्हाइकांचे फोन लागत नाहीत, ती आपल्यालाच बोल लावतात. रणधीर फोन उचलतो. आपल्याला कुणी उचलणारा हवा होता. हे सगळं इतक्या शांतपणे! जणू मीच उशिरा आलेय.

"आणि शेळीवाल्यांचं? त्यांना कुणी विचारलं?"

"विचारलंय."

"कुणाला?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "विचारलंय, अक्षदा."

मी त्याला खोटारडा म्हणाले. तो चहाला खाली गेला. रोज दोन कप आणतो. आज एकच आणला.

३० नोव्हेंबर

कोड त्याने शिकवला. वाचायला मी विद्यापीठात शिकले होते. तेच केलं नाही.

आत्याला काय सांगू? तुमचा नंबर तुमचाच — हे माझे शब्द.

१ डिसेंबर, सोमवार

तो यायच्या आत ऑफिसात गेले. बाकी अपग्रेड राहू दिलं. जिथे रणधीरचा नंबर घातला होता तिथे ज्याचा त्याचा परत आणला. किती थोडं काम!

आत्याचं बटण दाबलं.

"कोन?"

"मी, आत्या."

"वाजला! आगं वाजला!" मग सुनेला ओरडून, "ऐकलं का गं!"

कृष्णराजला लिहिलं — आजपासून वेगळे. 'माळरान' मी बघेन.

संध्याकाळी आप्पांना सगळं सांगितलं. रणधीर, कृष्णराज, सगळं. ते भाकरी मोडत ऐकत राहिले. मी म्हणाले, आता फोन तुम्हालाच येईल.

"बरं," आप्पा म्हणाले. "जेव."

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दारात टेम्पो. रणधीरचा. आप्पा बोकड चढवत होते.

विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीआधी कृष्णराज इचारून गेला, फोन रणधीरकडं वळवू का म्हणून. म्याच व्हय म्हणलो. माळावर दिसभर परक्या मानसांचे फोन. भाव पटला न्हाय की शिव्या. तू लई हौसेनं केलं व्हतंस. तुला कसं सांगू?"

शेवटचा बोकड चढेना. आप्पा दोरी धरून उभे राहिले. मी मागून ढकललं.