गोड मानून घे

१६ डिसेंबर
आले एकदाची! केजहून जीपमध्ये अंग चोरून बसून कंबरडं मोडलं, तरी मन खूश आहे. योगीराज सरांनी मला अंबाजोगाईला शिकवलं. आता त्यांच्याच माळावरच्या संशोधन केंद्रात नोकरी, राहायलाही सरांच्याच घरातली एक खोली. गुडमारच्या वेलीपासून मधुमेहावर औषध काढायचंय. याच आजारानं माझ्या आईचा आधी पाय गेला, मग ती गेली.

सरांच्या पत्नी वनमालाकाकूंनी दारात रांगोळी काढली होती. आल्याआल्या गूळपाणी दिलं. जेवायला वाढताना म्हणाल्या, आमचं साधंच हाय बाई, गोड मानून घे. आईनंतर असं कुणी म्हटलं नव्हतं. पिठलं मागून घेतलं.

२१ डिसेंबर
सरांनी गुडमारचं पान चघळायला दिलं आणि वर चिमूटभर साखर. काय सांगू, साखरेची नुसती वाळू झाली! तासाभरानं जीभ ताळ्यावर आली. गुळाची चव मारते म्हणून गुडमार.

सर म्हणाले, अर्क उंदरांवर चालला, आता निरोगी माणसावर बघायचा, पण परवानगी अडकलीय. फार चिडले होते. काकू रोज मला ताक देतात. जरा कडवट लागतं. मेथ्या घालते म्हणाल्या. लाड चाललेत माझे.

३० डिसेंबर
वेळअमावस्या. शेतात पूजा, मग सगळ्या भाज्यांची भज्जी, आंबील, खीर. सगळे म्हणाले, खीर लई गोड झालीया. मला वाळू लागली. पानाला तर मी आज शिवलेही नव्हते. फक्त काकूंनी माझ्यासाठी वेगळं आणलेलं ताक प्यायले होते.

घाम फुटला, हात थरथरले. परत येऊन स्वतःची साखर तपासली, फार खाली गेलेली. सरांना दाखवली. वाटलं, घाबरतील. ते हसले.

२ जानेवारी
ताक मोरीत ओतलं. आता वरणही कडू. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, आज किती घालू. सर म्हणाले, कालच्या दुप्पट.

माझे सर. ज्यांच्या पाया पडून मी —

३ जानेवारी
फोन सापडत नाही. बाहेरून कडी. साखर मागितली, सर म्हणाले, आता दिली तर सगळा प्रयोग वाया जाईल.

काकूंच्या पायांवर पडले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, तुझ्या आईगत किती बाया वाचतील, तुझं एकटीचं काय घेऊन बसलीस. मायेनंच म्हणाल्या. तेच सहन होत नाही.

४ जानेवारी
हात ऐकत नाही — डोळ्यांपुढे अंधारी — साखर हवी, मूठभर, आत्ता —

काकूंनी खिडकीतून वाटी सरकवली. साखरच आहे ना, विचारलं. हाय की, म्हणाल्या. गोड मानून घे.

चव नाही. साखर असती तरी लागली नसती —

दाताखाली कचकच. विरघळेल. साखर विरघळते. पाणी प्यायले, तरी तशीच — काकू, ही तर दारातली रां