रेकॉर्डिंगवालं कार्ड

पनवेल, शुक्रवार

टीव्ही बिघडला म्हणून आज कॉम्प्युटरवरच चॅनेल दिसावेत यासाठी ट्यूनर कार्ड घेतलं. मी साधंच घेणार होते. सासूबाई, आमच्या अम्मी, दुकानात अडूनच बसल्या, "रेकॉर्डिंगवालंच पायजे." एका मालिकेपायी एवढा हट्ट? मी वाटभर तोंड फुगवून होते.

संध्याकाळी ऐन मालिकेत सलीमचा, माझ्या नवऱ्याचा, दुबईहून कॉल. तोही याच कॉम्प्युटरवर! आता अम्मी चिडणार, असंच वाटलं. त्यांनी मालिकेचं रेकॉर्डिंग लावलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला. लेकाला सलाम केला नि उठल्या. "मालिका कुठं पळून नाय जात. बोला तुमी निवांत."

जाताना दार ओढून घेतलं.

म्हणजे तो हट्ट... आणि मी तोंड फुगवलं होतं!

निकाहनंतर सलीम दुबईला गेला, तेव्हापासून कॉल आला की अम्मी याच खोलीत टीव्हीसमोर असायच्या; आज पहिल्यांदा आम्ही दोघंच बोललो. लाल ठिपका चालूच होता.