फाउलीचं बारसं

फाउली, ४ मार्च १९५७

ती. अगाथामावशीस,
एडिथचा सा. न. वि. वि.

गावाचं नाव बदलायचं चाललंय. शुक्रवारी सभा. पुढाकार तुझ्या जावयाचाच, आमच्या वॉल्टरचा. ईलीच्या बाजारात आमचं चीज उत्तम म्हणतात, पण ‘फाउली’ वाचलं की नाक धरतात. इंग्रजीत फाउल म्हणजे घाण, तेव्हा घाणीचं गाव म्हणे. वॉल्टरला ‘रोझमीड’ हवंय. गावात धड एक गुलाब नाही. तू केंब्रिजला जन्मभर जुनी इंग्रजी शिकवलीस, तुझा पाठिंबा मिळव म्हणतो. माझा जीव मात्र होत नाही. आईला या नावाच्या मातीत पुरलंय.

काय करू ते लगेच कळव. माया असू दे.
तुझी एडिथ

केंब्रिज, ६ मार्च

चि. एडिथ हिस अनेक आशीर्वाद.

पाठिंबा कसला, जावयाचे कान धर. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला ‘फुगलएय’ म्हणत. फुगल म्हणजे पक्षी, एय म्हणजे बेट. दलदल होती तेव्हा तेवढाच उंचवटा कोरडा, पाखरं तिथंच उतरायची. बोलता बोलता ‘ग’ झिजून ‘फाउल’ उरलं आणि त्याला घाण चिकटली. सभेत तूच ऊठ. लहानपणी वर्गात पुटपुटायचीस तशी पुटपुटू नकोस.

वॉल्टरला रागावले तरी लोभ कमी नाही, सांग.
अगाथामावशी

फाउली, ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जिंकलो गं! सभेत मी उठले. वॉल्टर समोर बसून डोळ्यांनी खाली बस म्हणत होता. पक्ष्यांचं बेट म्हटल्यावर आधी सगळे हसले. मग मी विचारलं, ईली हे नाव ईल माशांवरून पडलं. त्यांना मासळीची लाज नाही, मग आपण पाखरांची का धरायची? सभागृह दणाणलं. नाव राहिलं.

वॉल्टर घरी येऊन न जेवता झोपला. सकाळी उठून पाहते तर अंथरूण रिकामं. मला वाटलं, रुसून गेला. भर सभेत नवऱ्याला हरवलं होतं ना. दुपारी आला, गुडघ्यापर्यंत चिखल. खालच्या कुरणात पाणी साचलंय, तिथं टिटव्या उतरल्यात म्हणाला. शिवाय बगळे, रानबदकं. मग वाढ म्हणाला.

आता चीजच्या वेष्टनावर पाखरू काढायचंय त्याला. नाव नेमकं कोणत्या पक्ष्याचं ते मावशीला विचार म्हणतो. मी म्हटलं, सगळ्यांचंच. तर म्हणतो, मग चीज मोठं करावं लागेल.

येऊन जा. आहे ती माया दोघांवर राहू दे.
तुझी एडिथ