सावलीत उजळणारा चष्मा

१ डिसेंबर १९८५, रविवार
नागपूरहून चष्मा आणला. फोटोक्रोमॅटिक. उन्हात आपोआप काळा, सावलीत आपोआप पांढरा. पांढुर्ण्यात दुसरा नसावा, आमच्या गल्लीत तर नाहीच. काचेतच चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात म्हणे, फोटोच्या फिल्ममध्ये असतात तसे. ऊन लागलं की काळवंडतात. फिल्म एकदा काळी झाली की झाली, ही काच मात्र सावलीत परत पहिल्यासारखी. थोडक्यात, काचेला अक्कल आहे. उजळायला जरा वेळ लागतो, थंडीत जास्तच, असंही दुकानदार म्हणाला. दुकानदारांना बोलायची सवय असते.
संकल्प: चष्म्याची फुशारकी मारायची नाही. लोकांना आपणहून दिसेल.

३ डिसेंबर
कोणालाही आपणहून दिसला नाही. जिनिंगच्या ऑफिसात सगळे सावलीत बसतात, ही मुख्य अडचण. कापसाच्या गाड्या बघायच्या निमित्ताने सारखा उन्हात जाऊन आलो. शेजारच्या टेबलावरचा विनायक म्हणाला, पोट बिघडलं काय रे उत्तम?
घरी आईने दारातच विचारलं, डोळे आले काय तुले? आणि माझा टॉवेल वेगळा टाकला. तिला चांदीच्या क्षारांचं समजावलं. ती म्हणाली, चांदी हाये तं मोडीत देऊन पाय ना.

१० डिसेंबर
महत्त्वाचं. सौंसरचं स्थळ आलं. संत्र्याचे बागाईतदार पुंडलिकराव, त्यांची मुलगी प्रतिभा, बी.ए. बावीस तारखेला पाहायला जायचं. आतापर्यंत चार ठिकाणांहून नकार आले ते जुन्या चष्म्यामुळे, हे आता स्पष्ट दिसतं.
हे जुळावं असं मनापासून वाटतं. आई थकली. आणि जेवताना समोर कोणी असावं, असं मलाही वाटतं.

१४ डिसेंबर
चष्म्याविषयी बोलायचं नाही, हा संकल्प मागे घेतला. विज्ञान दडवून ठेवणं बरं नाही.

२१ डिसेंबर
उद्याचा बेत पक्का. आई आणि मामा बसने. मी विनायकच्या मोटारसायकलवर. बसच्या काचेआड बसलं तर चष्मा धड काळा होत नाही, आणि रुबाब सगळा तिथेच आहे. अंगणात पाय ठेवताना काळा, ओसरीवर उजळता, बैठकीत स्वच्छ. मुलगी येईल तेव्हा डोळ्याला डोळा. प्रश्नही ठरवला: विज्ञानाची आवड आहे का?

२२ डिसेंबर, रविवार
सकाळच्या गारठ्यात, लख्ख उन्हात, पांढुर्णा ते सौंसर. काच कधी झाली नव्हती इतकी काळी झाली. अंगणात शिरताना बायका वळून पाहत होत्या.
बैठकीत अंधार. काच हलायला तयार नाही. कोपऱ्यातल्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला, ती धान्याची कोठी निघाली. चष्मा काढावा तर अडीच नंबर, सगळं धुरकट. लावावा तर अमावस्या. मुलीच्या आत्याने पोरांना घाईघाईने आत पिटाळलं, डोळ्याची साथ हाये, जवळ नका जाऊ म्हणून.
ट्रे घेऊन कोणी तरी आलं. लुगडं हिरवं असावं. प्रश्न विचारला. आत्याचा आवाज आला, मी चौथीच शिकली बाप्पा.
तेव्हा आठवलं, थंडीने काच रेंगाळते तर ऊब दिली की लवकर उजळेल. शास्त्र बरोबर होतं. चष्मा काढून चहाच्या कपावर धरला. काळेपणा जाऊ लागला, पण वाफ धरली. पुसून लावला तेव्हा अगदी स्वच्छ. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखासुद्धा वाचता आल्या. तेवढ्यात मुलगी येऊन, बसून आत गेली होती.

२३ डिसेंबर
दोष घराचा आहे. इतक्या लहान खिडक्या आजकाल कोणी ठेवतं का? मामा म्हणाले, सासर पाह्याले गेला होता का सिनेमा?

२९ डिसेंबर
विनायकच्या ओळखीतून बातमी. पुंडलिकरावांच्या घरी माझी चौकशी सुरू आहे. पोराचं वय नेमकं किती, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं, असं विचारून राहिले म्हणे. चौकशी करतात म्हणजे मनात आहे. वय एकतीस कळवलं. मोतीबिंदू नाही हेही कळवलं.

१२ जानेवारी १९८६
उत्तर नाही. चांगल्या घरची माणसं घाई करत नाहीत.

२० जानेवारी
पुंडलिकराव स्वतः ऑफिसात आले. खुर्ची दिली, स्पेशल चहा सांगितला, विनायकला डोळ्याने बाहेर जायला खुणावलं. तो गेला नाही.
प्रतिभाचं लग्न रामाकोना गावी जमलं. मुलगा दिवसभर बगीच्यात उन्हात असतो. पुंडलिकराव म्हणाले, जवाईबापूले असाच चष्मा द्याचा म्हणतो, दुकान कोणतं जी? पोरगी तुमच्या चष्म्याची लय तारीफ करून राहिली. दुसरं काही तिले दिसलंच नाही म्हणे.
नीट नकाशा काढून दुकानाचा पत्ता दिला. थंडीत उजळायला वेळ लागतो, तेवढं जावयांना आधी सांगून ठेवा, असंही सांगितलं. त्यांनी हात हातात घेऊन आभार मानले, चहा पूर्ण संपवला आणि बससाठी निघाले.
प्रतिभा दिसायला कशी आहे, हे मात्र त्यांना विचारता आलं नाही.