शालिनी मॅडमनी ज्योत बंद केली

सातारा

आण्णा, पाया पडते. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? शेळ्यांना चारा मिळतोय ना?

तुम्ही विचारलं होतं, कारखान्यात मी करते तरी काय. वायूतून वीज सोडून आम्ही धातू वितळवायची ज्योत पेटवतो. ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापते. आत कुठलाच थर्मामीटर टिकत नाही, म्हणून तिच्या उजेडातले रंग यंत्राने वेगळे करून आम्ही उष्णता मोजतो. आत काय होणार त्याचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडलेला असतो. तो तासगावच्या शालिनी मॅडमनी दोन वर्षं खपून बसवलाय.

परवा मोठं गिऱ्हाईक बघायला आलं होतं. ज्योत पेटली, पण मोजणी हिशोबाशी जुळेना. कडेला उष्णता फार दिसत होती. आमचे साहेब म्हणाले, "मोजायचं यंत्र चुकत असेल, चालू द्या."

मॅडम म्हणाल्या, "यंत्र सकाळीच तपासलंय. माझाच हिशोब चुकला आसंल. बंद करा."

सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आण्णा!

उघडून बघितलं तर ज्योत जिथून निघते ते तांब्याचं तोंड एका बाजूने पार झिजलेलं. त्याच्या आतून गार पाणी फिरतं. ते वितळलेल्या धातूवर पडलं असतं तर स्फोटच झाला असता. मी जवळच उभी होते, पण हे आईला सांगू नका.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी चहा मागवला. मला म्हणाल्या, "सृष्टे, बस हितं. आता झीज धरून नवा हिशोब तू मांड, मी तपासते."

म्हणून यंदा खरसुंडीच्या यात्रेला यायचं जमणार नाही. रागावू नका.

तुमची लेक,
सृष्टी